विश्लेषण : आजार माहीत असूनही स्पर्धेचा घोडा विकत घ्यावा का?

समजा, तुमची मुलगी चार-पाच वर्षांपासून घोडेस्वारी शिकते आहे. क्लबचा घोडा आता तिला पुरत नाही. प्रशिक्षक म्हणतात, ‘स्वतःचा घोडा घ्या.’ शोधाशोध सुरू होते आणि एक घोडा सापडतो. वय बारा, स्वभाव शांत, सव्वा मीटर उंचीचे अडथळे सहज ओलांडतो, चार-पाच वर्षांचा स्पर्धेचा अनुभव. किंमत मात्र त्याच तोडीच्या इतर घोड्यांच्या जवळपास निम्मी. कारण शेवटच्या ओळीत लिहिलेले असते : ‘पाठीच्या मणक्यांचा त्रास, उपचार सुरू.’

असा घोडा घ्यावा की सोडून द्यावा? २०२३ मध्ये हांगझू एशियाडमध्ये भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीतले सुवर्ण १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर तब्बल ४१ वर्षांनी आले आणि विजेत्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून या खेळाकडे पाहणारी नवी कुटुंबे वाढली आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. ते तीन गोष्टींवर ठरते : आजार कोणता, घोड्याकडून काम कोणते घ्यायचे आणि व्यवहारात काय लेखी आहे.

आजार असलेला घोडा कुणी का विकत घेईल?

कारण अनुभवी आणि पूर्णपणे निर्दोष घोडा जवळजवळ मिळतच नाही. स्पर्धेचा घोडा तयार व्हायला वर्षे लागतात. ऑलिम्पिकच्या शो जम्पिंगमध्ये घोड्याचे वय किमान नऊ वर्षे असावे लागते. एवढी वर्षे उड्या मारलेल्या, प्रवास केलेल्या, कठीण जमिनीवर धावलेल्या घोड्याच्या सांध्यांवर आणि खुरांवर त्याच्या खुणा उमटणारच.

दुसरे कारण शिक्षणाचे. शिकाऊ स्वाराला कोवळा, अननुभवी घोडा दिला तर दोघेही चुका शिकतात. मुरलेला घोडा स्वाराची चूक सांभाळून घेतो. त्यामुळे जगभरातले प्रशिक्षक नव्या स्वारासाठी ‘वयाने मोठा, थोडी कुरबूर असलेला, पण काम जाणणारा’ घोडा सुचवतात.

तिसरे कारण अर्थातच पैसा. शर्यतीच्या जगात याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९७५ मध्ये सिअ‍ॅटल स्लू नावाचे एक वर्षाचे शिंगरू लिलावात अवघ्या १७,५०० डॉलरना गेले. त्याचा उजवा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. घेणाऱ्यांमध्ये एक पशुवैद्य होता. त्या घोड्याने १९७७ मध्ये एकही शर्यत न हरता ‘ट्रिपल क्राउन’ जिंकला. पुढे गुडघे वाकडे असलेला रिअल क्वाएट १७ हजार डॉलरना विकला गेला आणि १९९८ मध्ये केंटकी डर्बी व प्रीकनेस या दोन्ही शर्यती जिंकून बसला.

पण या गोष्टी ऐकताना सावध राहायला हवे. वाकड्या पायाचे जे शेकडो घोडे पहिल्याच हंगामात लंगडू लागले, त्यांच्या गोष्टी कुणी लिहीत नाही. शिवाय पायाची ठेवण वाकडी असणे वेगळे आणि दुखणारा सांधा असणे वेगळे. पहिल्यात धोका संभवतो, दुसऱ्यात नुकसान सुरू झालेले असते.

महागडा घोडा म्हणजे खात्री, असेही नाही. ‘तोतिलास’ या डच घोड्याने २०१० च्या जागतिक स्पर्धेत ड्रेसाजची तीन सुवर्णे जिंकली. त्याच वर्षी तो जर्मनीत विकला गेला आणि किंमत सुमारे एक कोटी युरो असल्याची चर्चा झाली. २०१५ मध्ये आखेन येथील युरोपीय स्पर्धेत त्याची चाल असमान दिसली, पायाच्या हाडाला सूज आढळली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

खरेदीपूर्व तपासणीत नेमके काय होते?

घोडा घेण्याआधी पशुवैद्याकडून केल्या जाणाऱ्या तपासणीची ब्रिटनमधील पद्धत पाच टप्प्यांची आहे आणि तिचा नमुना अनेक देशांत वापरला जातो.

पहिल्या टप्प्यात घोडा तबेल्यात उभा असताना त्याचे हृदय, फुप्फुस, डोळे, दात, पाठ, पाय, खूर सगळे तपासले जाते. दुसऱ्यात त्याला कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवतात, दुडक्या चालीने पळवतात. अनेकदा पाय काही वेळ दुमडून धरतात आणि सोडल्याबरोबर पळवतात. सांध्यात दुखत असेल तर पहिल्या काही पावलांत घोडा लंगडतो. तिसऱ्या टप्प्यात स्वार बसवून चांगली मेहनत करून घेतात, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके वाढतात. चौथा टप्पा विश्रांतीचा. ठोके किती वेळात पूर्ववत होतात आणि थांबल्यावर अंग आखडते का, ते पाहतात. पाचव्या टप्प्यात पुन्हा दुडकी चाल. मेहनतीआधी न दिसलेले लंगडणे कधी कधी इथे दिसते.

याशिवाय रक्ताचा नमुना घेऊन काही महिने जपून ठेवतात. घोडा घरी आल्यावर अचानक लंगडू लागला, तर तपासणीच्या दिवशी त्याला वेदनाशामक दिले होते का, हे त्या नमुन्यावरून कळू शकते. एक्स-रे, कंडरांची सोनोग्राफी, श्वासनलिकेची दुर्बीण तपासणी हे सगळे वेगळे, जादा पैसे देऊन करायचे.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पशुवैद्य घोड्याला ‘पास’ किंवा ‘नापास’ करत नाही. आढळलेल्या गोष्टी तुम्ही सांगितलेल्या कामाच्या आड येतील का, एवढेच मत तो देतो. म्हणून ‘घोडा कशासाठी हवा’ हे त्याला नेमके सांगावे लागते. दुसरे, ही तपासणी म्हणजे त्या एका दिवसाचे छायाचित्र आहे. पुढच्या वर्षाची हमी त्यात नसते.

एक्स-रे खराब आणि घोडा ठणठणीत, मग खरे कोण?

आपल्या उदाहरणातल्या घोड्याला ‘किसिंग स्पाइन’ आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांवरून हाडांची उभी टोके वर आलेली असतात. त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी. ती कमी झाली की टोके एकमेकांना टेकतात, घासतात. हे बहुधा नेमके खोगिराच्या खाली होते. घोडा खोगीर चढवताना दात दाखवतो, पाठ आखडतो, उडी नाकारतो किंवा उसळतो.

पण असे मणके एक्स-रेमध्ये दिसूनही काहीही त्रास नसलेले घोडे पुष्कळ आहेत. उलट, एक्स-रेमध्ये थोडेच दिसते आणि घोडा वेदनेने हैराण असतो, असेही घडते. म्हणून एक्स-रे एकटा पाहायचा नसतो. त्याच्या शेजारी घोड्याची चाल ठेवायची असते.

यावर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे दोन निकाल आहेत आणि घोड्यांच्या बाजारात ते महत्त्वाचे मानले जातात. २००७ च्या निकालात प्रश्न मणक्यांमधल्या कमी जागेचाच होता. न्यायालयाने म्हटले की, घोडा सजीव आहे. शरीररचना आदर्शापासून थोडी ढळलेली असणे हे त्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे आणि तेवढ्यावरून तो सदोष ठरत नाही. ऑक्टोबर २०१७ च्या निकालातला ड्रेसाजचा घोडा पाच लाख युरोंचा होता. त्याच्या मानेच्या मणक्यांच्या सांध्यात एक्स-रेवर बदल दिसला होता. न्यायालयाने तेच तत्त्व पुन्हा मांडले : एक्स-रेवरचा बदल हा स्वतःहून दोष नाही. घोड्याच्या शरीरात अमुक गोष्ट असू नये अशी अट हवी असेल, तर ती दोघांनी करारात ठरवायला हवी. प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले.

भारतातले अनेक अव्वल स्वार युरोपात राहून तिथल्याच घोड्यांवर सराव करतात. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेला फवाद मिर्झा आणि एशियाडचा पदकविजेता अनुष अगरवाला हे दोघेही जर्मनीत तयार झाले. त्यामुळे तिथले हे नियम आपल्या खरेदीदारांच्याही कामाचे आहेत.

कोणता आजार चालेल, कोणता नाही?

सोयीसाठी तीन कप्पे करू.

पहिला कप्पा : खर्च वाढतो, पण घोडा आरामात काम करू शकतो. जठरातले व्रण हे स्पर्धेच्या घोड्यांमध्ये नेहमी आढळणारे दुखणे. वैरण दिवसभर थोडी थोडी देणे, मोकळे सोडणे आणि औषध यांनी ते आटोक्यात राहते. सौम्य दमाही यातच. घोड्याचा दमा बहुतेक वेळा सुक्या गवतातल्या धुळीने आणि बुरशीने वाढतो. गवत भिजवून किंवा वाफवून दिले, तबेला हवेशीर ठेवला तर फरक पडतो. मात्र कोकणात, मुंबईत पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, हे आधीच गृहीत धरायला हवे. मागच्या पायातल्या हॉक सांध्याच्या खालच्या भागातला संधिवातही अनेकदा निभावतो. तिथे हालचाल मुळात कमी असते. काही घोड्यांत ती हाडे कालांतराने जुळून येतात आणि दुखणे थांबते.

दुसरा कप्पा : कामाबरोबर वाढणारा आजार. पुढच्या खुराच्या मागच्या भागात नेव्हिक्युलर नावाचे छोटे हाड असते, त्यावरून एक मोठी कंडरा जाते. या भागाची झीज पूर्ण बरी होत नाही. खास नाल आणि इंजेक्शनांनी ती काही काळ सांभाळता येते. उडीनंतर जमिनीवर उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. त्यामुळे हा घोडा शो जम्पिंगसाठी घेणे आणि हलक्या ड्रेसाजसाठी घेणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनी कंडरा दुखापतही अशीच. फाटलेली कंडरा भरते, पण भरलेला भाग पहिल्याइतका लवचीक राहत नाही. सावरायला नऊ महिने ते वर्षभर लागते आणि जोरात पळवले की पुन्हा तिथेच दुखापत होण्याचा धोका राहतो. वेदना असलेली किसिंग स्पाइन याच कप्प्यात येते. तिच्यावर पाठीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, इंजेक्शने, शस्त्रक्रिया असे उपाय आहेत, पण व्यायाम आयुष्यभर सोडता येत नाही.

तिसरा कप्पा : इथे थांबायचे. मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे पाय कुठे पडतो हे न कळणारा घोडा, मेहनत करताना ठोके चुकणारा घोडा, डोळ्यांना वारंवार सूज येऊन दृष्टी जात असलेला घोडा. घोडा अडथळ्यासमोर कोसळला तर त्याच्यासोबत स्वारही पडतो आणि सुमारे पाचशे किलोचे धूड अंगावर येते. मुलांसाठी घोडा घेताना या कप्प्यात कुठलीही सवलत विचारात घेऊ नये. ग्लँडर्स तर याहून वेगळा. हा संसर्ग माणसालाही होतो. रोग पक्का झाला की कायद्याने घोड्याला दयामरण द्यावे लागते. म्हणून सारंगखेड्याच्या यात्रेत घ्या की मोठ्या स्टड फार्मवर, ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा ताजा अहवाल मागायलाच हवा.

औषधे सुरू असलेला घोडा स्पर्धेत चालतो का?

आजार सांभाळता येणे ही एक गोष्ट, तो स्पर्धेच्या नियमांत बसवून सांभाळता येणे ही दुसरी. घोडेस्वारीचा आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफईआय, घोड्यांचीही उत्तेजक चाचणी घेतो. ‘ब्यूट’ या नावाने ओळखले जाणारे फिनाइलब्युटाझोन तबेल्यात सर्रास वापरले जाते. पण स्पर्धेच्या वेळी ते घोड्याच्या शरीरात सापडले तर कारवाई होते. दम्यावरची अनेक औषधे, सांध्यात दिलेली स्टेरॉइड इंजेक्शने यांचेही तेच. जठराच्या व्रणांवरच्या ओमेप्राझोलला मात्र परवानगी आहे.

खुराची संवेदना नाहीशी करण्यासाठी नस कापण्याची शस्त्रक्रिया केलेला घोडा या स्पर्धांत उतरवता येत नाही. कारण अशा घोड्याला वेदना कळत नाही आणि तो तुटेपर्यंत पळत राहतो.

आणखी एक महत्त्वाचे. नियमानुसार जबाबदार व्यक्ती ही प्रामुख्याने स्वार असते. औषध पशुवैद्याने दिले, मोतद्दाराने चारले, मागच्या मालकाने टोचले, असे म्हणून सहसा सुटका होत नाही. त्यामुळे ‘औषध दिले की एकदम छान चालतो’ असे विक्रेता म्हणाला, तर पुढचा प्रश्न हाच : ‘औषध न देता किती दिवस चालतो?’

स्वस्तातला घोडा खरेच स्वस्त पडतो का?

एक साधे गणित करू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. निरोगी घोडा २० लाखांना, दुखणे असलेला १२ लाखांना. वाचले आठ लाख. दुसऱ्या घोड्याला दर पाच-सहा आठवड्यांनी खास नाल, वर्षातून एक-दोनदा इंजेक्शने, एक्स-रे, फिजिओथेरपी असा वर्षाला जादा दीड लाख खर्च धरला, तर पाच वर्षांत साडेसात लाख गेले. शिवाय यात गमावलेला हंगाम धरलेला नाही. घोडा तबेल्यात उभा असला तरी चारा, मोतद्दार आणि जागेचे भाडे चालूच असते.

विम्याचाही विचार करा. आधीपासून माहीत असलेला आजार विमा कंपन्या सहसा वगळतात. कधी कधी तो एक आजारच नव्हे, तर तो सगळा पाय किंवा सगळी पाठ वगळली जाते. म्हणजे जिथे खर्च येण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच विमा नाही. पुढे विकायची वेळ आली, की तोच आजार तुम्हाला पुढच्या ग्राहकाला सांगावा लागेल आणि तोही तुमच्याइतकीच किंमत पाडेल.

विमान अभियांत्रिकीत एक पद्धत आहे. धातूत कुठे तरी बारीक तडा असणारच, असे आधीच गृहीत धरतात. तो किती वेगाने वाढेल याचा हिशेब करतात आणि त्यावरून पुढची तपासणी कधी हे ठरवतात. घोड्याच्या बाबतीतही एका एक्स-रेवरून फार कळत नाही. दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा असे दोन एक्स-रे शेजारी ठेवले तर आजार स्थिर आहे की पुढे सरकतो आहे, हे दिसते. जुने एक्स-रे मागून घ्या. ते देण्याची टाळाटाळ होत असेल, तर तीही माहितीच समजावी.

विक्रेता गप्प राहिला तर कायदा काय म्हणतो?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे आणि ती समजावून सांगायला कायद्याने उदाहरण घेतले आहे ते घोड्याचे.

उदाहरण असे : घोड्यात खोड आहे हे माहीत असूनही मालकाने तो लिलावात विकला आणि खोडीबद्दल काहीच बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसरे उदाहरण सर्वांत उपयोगाचे. घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ आणि यावर विकणारा गप्प बसला, तर त्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच धरले जाते.

म्हणजे तुम्ही प्रश्न विचारला की नाही, यावर खूप काही अवलंबून आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे मात्र फसवणुकीतच येते. लंगडणारा घोडा वेदनाशामक देऊन सरळ चालवून दाखवणे हे गप्प राहण्याच्या पलीकडचे आहे.

वस्तू विक्री कायदा १९३० चे कलम १६ही पाहायला हवे. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हा मूळ नियम. पण कशासाठी घेतो आहोत हे सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून घेतले असेल आणि तशा मालाची विक्री हाच त्याचा व्यवसाय असेल, तर माल त्या कामायोग्य असण्याची अट गृहीत धरली जाते. आणि घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर तपासणीत सहज दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल मालाच्या दर्जाची तक्रार नंतर करता येत नाही.

जर्मनीत १८९९ च्या एका आदेशात घोड्यांचे सहा मुख्य दोष ठरवून दिले होते. ग्लँडर्स, जुनाट दमा, दात अडकवून हवा गिळण्याची खोड यांचा त्यात समावेश होता आणि हमीची मुदत होती १४ दिवस. २००२ मध्ये ही यादी गेली आणि घोड्याला सर्वसाधारण विक्रीचे नियम लागू झाले. २०२२ पासून तर व्यावसायिक विक्रेत्याने घरगुती ग्राहकाला ठरलेल्या दर्जापेक्षा कमी असलेली गोष्ट आधी स्पष्ट सांगायची आणि ती करारात वेगळी नोंदवून घ्यायची, असा नियम आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण तसे लिहून घ्यायला कुणी अडवलेलेही नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याचे काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न बहुतेकदा याच रूपात येतो. मुंबईत महालक्ष्मीला हिवाळी आणि पुण्यात पावसाळी हंगाम संपला, की शर्यतीत उपयोग न राहिलेले थरोब्रेड घोडे बाहेर पडतात. वय अवघे पाच-सहा, दिसायला देखणे, किंमत अगदी कमी. अनेक रायडिंग क्लबचे घोडे याच वाटेने आलेले असतात.

ते शर्यतीतून का बाहेर पडले, हा पहिला प्रश्न. नुसता वेग कमी होता म्हणून बाहेर पडलेला घोडा चांगला सौदा ठरू शकतो. कंडरा फाटली म्हणून बाहेर पडला असेल, तर सोनोग्राफी करून ती किती भरली हे पाहायला हवे. पायाच्या मागच्या बाजूला कंडरा धनुष्यासारखी फुगलेली दिसली, तर ती जुन्या दुखापतीची खूण. साध्या स्वारीला आणि खालच्या पातळीवरच्या ड्रेसाजला असा घोडा वर्षानुवर्षे चालू शकतो. इव्हेंटिंगमध्ये चौखूर उधळवायचा असेल तर नाही.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात घोडा पारखताना भोवरे पाहतात, देवमण पाहतात, पंचकल्याणी असेल तर भाव चढतो. त्याची हौस ज्याला असेल त्याने ती जरूर करावी. पण भोवरा शुभ असला तरी कंडरा सोनोग्राफीतच दिसते.

घेण्याआधी काय विचारायचे, काय लिहून घ्यायचे?

१. पशुवैद्य तुमचा असावा. विक्रेत्याचा किंवा त्याच तबेल्याचा नेहमीचा नको. प्रशिक्षकाला या व्यवहारात टक्केवारी मिळणार आहे का, हेही मोकळेपणाने विचारा.

२. उपचारांच्या सगळ्या नोंदी, जुने एक्स-रे, शेवटचे इंजेक्शन कधी आणि कुठे दिले, हे लेखी मागा.

३. घोड्याच्या स्पर्धांचे निकाल तपासा. एफईआयच्या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय निकाल घोड्याच्या नावाने पाहता येतात. मधेच आठ-दहा महिने घोडा गायब असेल, तर तेव्हा काय झाले होते ते विचारा.

४. न सांगता, वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा भेट द्या. तबेल्यातून बाहेर काढतानाची पहिली दहा पावले पाहा. खोगीर चढवताना घोडा काय करतो ते पाहा.

५. शक्य असेल तर आधी काही महिने भाडेकराराने घ्या. माहीत असलेला आजार वाढतो की नाही, हे कळायला एक हंगाम पुरेसा ठरू शकतो.

६. करारात आजाराचे नाव, पाय कोणता, सध्याचे उपचार आणि घोडा कोणत्या कामासाठी घेतला हे लिहा. ‘याशिवाय दुसरा कोणताही आजार विक्रेत्याला माहीत नाही’ हे वाक्य त्यात असू द्या. १८७२ च्या कायद्यातला प्रश्न विचारल्याचा हाच पुरावा.

शेवटी, घोड्याचे काय?

या सगळ्या हिशेबात एक बाजू राहून जाते. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. बाराव्या वर्षी घेतलेला, दुखणे असलेला घोडा फार तर आणखी चार-पाच वर्षे स्पर्धा करेल. त्यानंतर दहा-बारा वर्षे उरतात. त्या वयाचा, आजार माहीत असलेला घोडा दुसरा कुणी सहसा घेत नाही. घेतलाच, तर तो लग्नाच्या वरातीत किंवा ओझ्याखाली जाण्याची शक्यता अधिक.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार आजार, जखम किंवा वयामुळे कामाला अयोग्य असलेल्या प्राण्याला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. पण घोडा अयोग्य कधी झाला, हे रोज ओळखायचे असते ते मालकाला. तो खोगीर पाहून मागे सरतो आहे का, उडी नाकारतो आहे का, एरवीपेक्षा जास्त वेळ पाय टेकवून उभा राहतो आहे का. त्या दिवशी पुढच्या रविवारची स्पर्धा रद्द करण्याची तयारी घरातल्या सगळ्यांची हवी, मुलीचीही.

म्हणून जाहिरातीतल्या त्या घोड्याकडे परत येऊ. मणक्यांचा त्रास आटोक्यात आहे, दोन वर्षांच्या एक्स-रेमध्ये फरक नाही, औषधाशिवाय तो चालतो, सगळे लेखी आहे आणि मुलीचे ध्येय सव्वा मीटरच्या पुढे नाही, तर तो घ्यायला हरकत नाही. कदाचित कुठलाही आजार ‘माहीत नसलेल्या’ घोड्यापेक्षा तो बराही ठरेल. पण स्पर्धा संपल्यावर त्याला ठेवायला जागा आणि पैसा नसेल, तर निम्म्या किमतीतही तो घेऊ नये.